चंद्र किती दिवसांवर?

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आपल्या शाळेतील कोणीही विसरणार नाही. सभागृहात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक दाटीवाटीने बसले होते. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरत असतानाच सातवीतील एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, अमेरिकेची माणसं तर चार दिवसांत चंद्रावर उतरली होती. मग आपल्याला चाळीस दिवस का लागले? आपण एवढे मागे आहोत?”

मी घाईत उत्तर दिले, “आपलं रॉकेट लहान आहे, बाळ. आपल्याकडे तेवढा पैसा नाही.” उत्तर खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. तिचा उजळलेला चेहरा उतरलेला मी पाहिला. इतिहास हा माझा विषय. घटनेमागची कारणे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आले आहे. हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसताना ते राहून गेलेले उत्तर आठवले. ते येथे देत आहे.

शाळेत आपण त्रैराशिक शिकतो. वेग ठाऊक असला की अंतरावरून वेळ काढता येतो. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी लागणारा वेग ताशी सुमारे 40,000 किलोमीटर. म्हणजे प्रवास साडेनऊ-दहा तासांचा व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. वर फेकलेला चेंडू जसा मंदावत जातो, तसे पृथ्वीपासून दूर जाणारे यानही मंदावत जाते. अपोलो-11 चंद्राच्या प्रभावक्षेत्राजवळ पोहोचले, तेव्हा त्याचा वेग ताशी चार हजार किलोमीटरच्याही खाली आला होता. 16 जुलै 1969 रोजी निघालेले ते यान तीन दिवसांनी चंद्राच्या कक्षेत शिरले आणि 20 जुलैला त्याचे चांद्रयान उतरले.

त्याहून दहा वर्षे आधी, सप्टेंबर 1959 मध्ये, सोव्हिएत संघाचे लूना-2 अवघ्या दीड दिवसात चंद्रावर पोहोचले होते. ते इतक्या लवकर कसे पोहोचले? कारण त्याला थांबायचे नव्हते. ते चंद्रावर जाऊन आदळले. जानेवारी 2006 मध्ये निघालेल्या न्यू होरायझन्स यानाने तर चंद्राची कक्षा सुमारे नऊ तासांत ओलांडली. त्याचे लक्ष्य प्लूटो होते आणि तेथेही ते थांबणार नव्हते. साडेनऊ वर्षांनी, जुलै 2015 मध्ये, ते प्लूटोजवळून गेले आणि तसेच पुढे निघून गेले. अंतराळप्रवासाचा अवधी ठरवताना ‘किती दूर?’ या प्रश्नाइतकाच ‘पोहोचून काय करायचे आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

आता चांद्रयान-3 च्या चाळीस दिवसांचा हिशेब पाहू. 14 जुलैला उड्डाण झाले. यान प्रथम पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत फिरत राहिले. झोका चढवताना प्रत्येक हेलकाव्याला योग्य क्षणी रेटा द्यावा, तसे पृथ्वीच्या जवळ येताच इंजिन चालवून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. यात सुमारे अठरा दिवस गेले. 1 ऑगस्टला ते चंद्राकडे निघाले आणि 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत पोहोचले. त्यानंतरचे अठरा दिवस कक्षा लहान करण्यात, लँडर वेगळे करण्यात आणि उतरण्याच्या जागी सूर्य उगवण्याची वाट पाहण्यात गेले. सौरऊर्जेवर चालणाऱ्या लँडरला चंद्रावरचा दिवस, म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस, पुरेपूर मिळायला हवा होता. पृथ्वी सोडून चंद्राकडे जाण्याचा खरा प्रवास पाचच दिवसांचा होता. अपोलोहून फारसा निराळा नव्हता.

उरलेले दिवस ही काटकसरीची किंमत होती. अपोलोचे सॅटर्न-5 रॉकेट 110 मीटर उंच आणि सुमारे 2,900 टन वजनाचे. आपले एलव्हीएम-3 रॉकेट 43.5 मीटर उंच, 640 टनांचे. ज्याच्याजवळ बळ कमी, त्याने वेळ खर्च करायचा, हा व्यवहार आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच महिन्यात रशियाचे लूना-25 पाच दिवसांत चंद्राच्या कक्षेत पोहोचले आणि 19 ऑगस्टला कोसळले. मात्र त्यावरून हळू जाणारा जिंकतोच, असा धडा काढू नये. 2019 मध्ये आपले चांद्रयान-2 देखील दीड महिन्याच्या संथ प्रवासानंतर उतरतानाच अपयशी ठरले होते. त्या अपयशाचा बारकाईने अभ्यास झाला, म्हणून 2023 ची संध्याकाळ उगवली.

मंगळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नारळी पौर्णिमेपूर्वी कोकणातील नाखवा समुद्रात होडी लोटत नाही. मंगळाच्या प्रवाशालाही असाच मुहूर्त पाळावा लागतो आणि तो सुमारे 26 महिन्यांनी एकदा येतो. कमीत कमी इंधनात एका ग्रहाहून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्याने 1925 मध्येच पुस्तकरूपाने मांडला होता. त्या मार्गाने मंगळ सुमारे साडेआठ महिन्यांवर आहे. आपली शाळा जून 1965 मध्ये सुरू झाली. पुढच्याच महिन्यात मरिनर-4 हे यान 228 दिवसांचा प्रवास करून मंगळाजवळून गेले आणि त्याने तेथील पहिली जवळची छायाचित्रे पाठवली. आपले मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी निघाले, पृथ्वीभोवती फिरत वेग मिळवून 1 डिसेंबरला मार्गस्थ झाले आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. एकूण 323 दिवस लागले. परंतु भारताने पहिल्याच प्रयत्नात हे साधले. त्यावरील रंगीत छायाचित्रे टिपणारा कॅमेरा आपल्याच अहमदाबादेत तयार झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

जवळचे लवकर आणि दूरचे उशिरा, हा नियमही आकाशात टिकत नाही. बुधाजवळून नुसते जायचे म्हणून मरिनर-10 तेथे 1974 मध्ये पाच महिन्यांच्या आत पोहोचले. बुधाभोवती फिरत राहायचे, तर सूर्याच्या ओढीने वाढलेला वेग आवरावा लागतो. त्यासाठी मेसेंजर यानाने पृथ्वी, शुक्र आणि खुद्द बुधाच्या जवळून वळसे घेतले आणि 2004 ते 2011 अशी साडेसहा वर्षे खर्ची घातली. याउलट, कितीतरी पट दूरच्या नेपच्यूनपर्यंत व्हॉयेजर-2 बारा वर्षांत, ऑगस्ट 1989 मध्ये, पोहोचले. बाहेरचे चार मोठे ग्रह सुमारे 176 वर्षांनी एकदा अनुकूल स्थितीत येतात, हे गॅरी फ्लँड्रो या अमेरिकी अभियंत्याच्या 1965 मध्येच ध्यानात आले होते. एका ग्रहाने दिलेल्या गतीवर पुढचा ग्रह गाठत व्हॉयेजर गेले. त्यानंतर आजवर कोणतेही यान नेपच्यूनपर्यंत गेलेले नाही.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत काही पालक दबक्या आवाजात विचारतात, “मराठी माध्यमात घातलं तर मूल मागे नाही ना पडणार?” या परमुलखात साठ वर्षे हा प्रश्न शाळेच्या दारात उभा आहे. आकाशाची उपमा त्यावर फार ताणू नये. तरी एवढे म्हणता येईल की, निघाल्यापासूनचे दिवस मोजून कोण मागे आणि कोण पुढे हे ठरत नाही. सुरुवातीला जवळच्याच फेऱ्यांत पुरेसा वेग मिळवणे आणि पोहोचल्यावर नीट उतरता येणे, यांसाठी दिलेला वेळ वाया गेलेला नसतो.

ती मुलगी आता नववीत आहे. हा अंक हाती आल्यावर तिने माझा हिशेब तपासावा आणि चूक आढळल्यास फळ्यावर मांडून दाखवावी. त्या संध्याकाळी जे उत्तर मी नीट देऊ शकले नाही, ते मग आम्ही दोघी मिळून पूर्ण करू.