सशस्त्र व्यापारी जहाज आणि कोकणचा दर्या

करावे येथील ‘टी. एस. चाणक्य’ या संस्थेत व्यापारी नौदलाच्या भावी अधिकाऱ्यांना शिक्षण दिले जाते. ‘व्यापारी नौदल’ या नावातील ‘दल’ हे पद आज केवळ रूढीने उरले आहे. अठराव्या शतकात मात्र ते अक्षरशः सार्थ ठरले असते. कारण त्या काळी व्यापार व युद्ध ही दोन्ही कामे एकच जहाज करीत असे.

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे त्या शतकाच्या पूर्वार्धातील मोठे जहाज सुमारे ३० तोफा व शंभराच्या आसपास माणसे घेऊन निघे. ५०० टनांच्या जहाजावर धर्मोपदेशक नेणे सक्तीचे असल्याने कित्येक जहाजांची नोंद ४९९ टनांचीच होई! केप ऑफ गुड होपला वळसा घालून चांदी, लोकरी कापड व जहाजी सामान पूर्वेकडे आणावयाचे आणि सुती कापड व मिरी घेऊन परतावयाचे, असा हा क्रम होता.

‘डर्बी’ हे याच वर्गातील जहाज. डिसेंबर १७३५ मध्ये मुंबईकडे येत असता संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने ते जिंकून सुवर्णदुर्गास नेले. त्यावरील जहाजी सामान हातचे गेल्याने मुंबईकरांची मोठी अडचण झाली. आंग्र्यांची युद्धरीती साधी, पण अचूक होती. वारा पडला की अवजड जहाज जागीच खिळून राही. वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस आणीत आणि गुराबांच्या नाळेवरील तोफा त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करीत.

कंपनीच्या कागदपत्रांत यास चाचेगिरी म्हटले आहे. परंतु कान्होजी आंग्रे हे १७१३ पासून शाहू छत्रपतींचे सरखेल होते, आणि दस्तकावाचून फिरणारे जहाज अडविणे हा त्यांच्या आरमाराचा हक्क मानला जाई. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून हेच केले. इंग्रजही स्वतःचे परवाने देत. पकडलेल्या खलाशांचे हाल कोणत्याही पक्षी खरेच होते. तथापि तोफा बाळगणाऱ्या दोन पक्षांपैकी एकास ‘व्यापारी’ व दुसऱ्यास ‘चाचे’ म्हणणे हा निवाडा नव्हे, पक्षकाराचा दावा होय.

दर्यावर्दी शब्दसंग्रहही याच निष्कर्षास पुष्टी देतो. ‘सारंग’ म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याचे मूळ फारसी ‘सरहंग’, म्हणजे सेनानायक. ‘कप्तान’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तो लष्करी व जहाजी अशा दोन्ही अर्थांनी रुळला. भाषेने जी सीमारेषा आखली नाही, ती कंपनीच्या लेखनिकांनी आखली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजाने पेट घेतला आणि त्या आगीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. दस्तक देण्याचा हक्क त्यानंतरही उरलाच होता. तो मागणारे बलिष्ठ आरमार मात्र आता मुंबईचे होते. विजेत्याच्या दस्तकास कोणी चाचेगिरी म्हटले नाही.