अंकल टोबींचे दफ्तर

इंग्लंडच्या उत्तरेस टाइन नदीकाठी वसलेले न्यूकॅसल हे शहर एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि जहाजबांधणी यांवर पोसलेले असल्यामुळे, रानपाखरांना दाणा घालणाऱ्या मुलामुलींची एक प्रचंड संघटना तेथेच जन्मास यावी याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. आणि ती उभारणाऱ्या गृहस्थाचे पूर्वचरित्र पाहिले म्हणजे तर हे नवल दुणावते. विल्यम एडविन अ‍ॅडम्स हा जुना चार्टिस्ट, म्हणजे श्रमिकांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्यांपैकी एक. जुलमी राज्यकर्त्याचा वध न्याय्य ठरतो काय, याची उघड चर्चा करणारी त्याची पुस्तिका १८५८ साली निघाली, तेव्हा तिच्या प्रकाशकावर सरकारने खटला भरला होता. तोच अ‍ॅडम्स पुढे ‘न्यूकॅसल वीकली क्रॉनिकल’ या साप्ताहिकाचा संपादक झाला, आणि १८७६ मध्ये त्यातील बालसदरातून त्याने ‘डिकी बर्ड सोसायटी’ स्थापन केली.

सदरासाठी त्याने ‘अंकल टोबी’ हे नाव घेतले. लॉरेन्स स्टर्नच्या कादंबरीत, हाती सापडलेल्या माशीलाही न मारता खिडकीबाहेर सोडून देणारा जो सज्जन आहे, त्याचे. सभासदाने द्यावयाची कबुलायत छोटीच होती: जीवमात्राशी ममतेने वागावे, हिवाळ्यात पाखरांना खाऊ घालावे, घरटे काढू वा मोडू नये. अंडी जमविणे हा ज्या काळी पोरांचा सर्रास छंद होता, त्या काळी यांतील शेवटचे कलम काही कमी कठीण नव्हते. परंतु अ‍ॅडम्समधला मुरब्बी कार्यकर्ता खरा दिसतो तो त्यापुढच्या वचनात. कारण आणखी जितकी मुले मिळतील तितकी सोसायटीत आणण्याची हमीही प्रत्येकाकडून घेतलेली असे. नव्या सभासदांची नावे साप्ताहिकात छापून येत व अंकल टोबींच्या थोरल्या वहीत दाखल होत, त्यामुळे दूरदूरच्या गावी एकेकट्याने पावाचा चुरा टाकणाऱ्या मुलांना, एकमेकांचे तोंडही न पाहता, आपल्यासारखे आणखी कितीतरी आहेत हे कळे.

आपल्याकडे काकबळी आणि भूतयज्ञ हे गृहस्थाच्या नित्यधर्मातच मोडत असल्यामुळे त्यासाठी कोणी सभासदांची यादी ठेवल्याचे ऐकिवात नाही. आणि माझ्या मते आपले उणे पडते ते इथेच. आपला दाणा आपल्या अंगणापुरता आणि आपल्या पुण्यापुरता राहिला. घरटी मोडू नयेत म्हणून शेजारच्या पोराला गाठावे, ही निकड त्यातून उपजली नाही.

१८८६ साली सभासदसंख्या एक लाखावर गेली, तेव्हा न्यूकॅसलमध्ये मोठा उत्सव झाला. १८९४ पर्यंत ती अडीच लाखांच्या पुढे गेली. टेनिसन, रस्किन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नावे मानद यादीत होती खरी, पण चळवळ चालविली ती मुलांनीच. अ‍ॅडम्स १९०६ मध्ये वारला. सोसायटी १९४० पर्यंत टिकली. बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलण्यास ब्रिटिश कायद्याने मनाई केली ती १९५४ साली, म्हणजे न्यूकॅसलच्या मुलांनी ती आपण होऊन स्वतःवर घालून घेतल्यानंतर तब्बल ७८ वर्षांनी.