प्रभुभोजन

प्रभुभोजन : भाकर व द्राक्षारस यांच्या सेवनातून येशू ख्रिस्ताच्या मरणाचे व पुनरुत्थानाचे स्मरण करण्याचा, त्याच्याशी आणि परस्परांशी एक होण्याचा ख्रिस्ती संस्कार. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याला ‘सहभागिता’ असेही म्हणतात. कॅथलिकांत ‘ख्रिस्तप्रसाद’ हा शब्द रूढ असून तो मिस्सा या उपासनेत दिला जातो.

अर्थ : वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली, प्याला दिला आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत राहण्यास सांगितले. हे स्मरण श्राद्धतिथीच्या स्मरणाहून वेगळे आहे. ज्याची आठवण करायची तो मरणातून उठला असून या भोजनाचा यजमान तोच आहे, अशी श्रद्धा त्यामागे असते. कॅथलिक शिकवणीनुसार भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य रूप तेवढे उरते; तत्त्वतः ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. प्रॉटेस्टंटांपैकी काही ख्रिस्ताचे सान्निध्य आत्मिक मानतात, तर काही भाकर-प्याल्याला केवळ खूण समजतात.

करिंथ येथील मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना सुनावले. त्यामुळे प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण, पापकबुली व दुरावलेल्यांशी समेट यांना महत्त्व आहे.

विधी : अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत उपासक वेदीपुढील कठड्याशी ओळीने गुडघे टेकतात आणि डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून हात पुढे करतात. तळव्यावर पातळ चकतीएवढी बेखमीर भाकर ठेवली जाते. प्याला एकच असल्यास प्रत्येकानंतर त्याची कड फडक्याने पुसून तो पुढच्याकडे नेतात. काही मंडळ्यांत द्राक्षारस इवल्याशा पेल्यांतून देतात.

पुण्यातील संदर्भ : कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हे जातीने ठरवलेल्या समाजात एका प्याल्याला वेगळाच अर्थ येतो. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनच्या आवारात पवित्र नाम देवालय १८८५ पासून उभे आहे. याच मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये झालेल्या सभेनंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. हजर असलेल्यांत लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे होते. हे प्रभुभोजन नव्हते, साधा पाहुणचार होता; तरीही सनातन्यांनी गहजब केला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. चहाच्या कपाने एवढे घडत असताना बाप्तिस्मा घेऊन सर्वांच्या ओठांचा प्याला स्वीकारणाऱ्याला आपल्या जुन्या पंक्तीवर पाणी सोडावे लागे. पतीच्या धर्मांतरानंतरही आरंभी सोवळे सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी ते बंधन सुटत गेल्याची हकिकत ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे.

अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी या विधीला भारतीय वळण देण्याचा आग्रह धरला. त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२० मध्ये निघाले. त्यांनी १९२२ मध्ये स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चनेही भारतातील मिस्सासाठी जमिनीवर बैठक, अंजलिमुद्रा, समई व आरती यांना मान्यता दिली.

सद्यःस्थिती : शिवाजीनगरच्या त्याच जागेत, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, १९७२ पासून अँग्लिकन व कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. मात्र कॅथलिक नियमांनुसार अन्य पंथीयांना ख्रिस्तप्रसाद एरवी देता येत नाही आणि कॅथलिकांनाही प्रॉटेस्टंट मंडळीत तो घेता येत नाही. एका छपराखाली राहणाऱ्यांनाही प्रभूच्या मेजाशी वेगळे व्हावे लागते, याची खंत ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीत आजही आहे.