दगडावर उमटलेला उपहास

पोंभुर्ण्याच्या एका शाळेत आम्ही गुळगुळीत फरशीवर मेणबत्तीने रेघ ओढली आणि वर पाणी शिंपडले. रेघेवर पाणी टिकेना. तेलकट पदार्थ आणि पाणी एकजीव होत नाहीत, यावरच शिळाछपाई उभी आहे. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून दगड ओला केला, की तेलकट शाई फक्त चित्रालाच धरते. कोरीवकाम लागत नाही. त्यामुळे व्यंगचित्रे झटपट व स्वस्तात छापता येऊ लागली.

फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए या चित्रकाराने १८३१ साली राजा लुई फिलिप हा रयतेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवला. त्यापायी १८३२ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. १८३५ मध्ये चित्रे छापण्यापूर्वी सरकारी परवानगी सक्तीची झाली. मग राजाऐवजी वकील, न्यायाधीश, घरमालक आणि ठकसेन दोमिएच्या खडूखाली आले. उपहास थांबला नाही. तो राजवाड्याकडून समाजाकडे वळला.

ही चित्रे 'शारिवारी' या पत्रात येत. १८४१ मध्ये निघालेल्या लंडनच्या 'पंच'ने स्वतःला 'लंडनचे शारिवारी' म्हणवून घेतले, आणि १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' सुरू झाले.

व्यंगचित्र वर्गात दाखवताना एक प्रश्न जरूर विचारावा: यात कोणाला हसले आहे, बलवानाला की दुबळ्याला?