बैठकीखालची शेगडी

आमच्या पुतण्याने नवी मोटारसायकल घेतली. आमच्या वेळी एवढ्या पैशांत पुण्यात दोन खोल्यांचा ब्लॉक यायचा आणि वर पेढे वाटून चार रुपये उरायचे. "काका, ही टूरिंगची गाडी आहे," तो म्हणाला. आमच्या काळी ऑफिसला नेणारी गाडीच मे महिन्यात टूरिंगची व्हायची. तसं तिला वेगळं सांगावं लागत नसे. पण ते असो.

आठ दिवसांनी स्वारी पुन्हा आली. बसताना पाय असे फाकवून बसली की मला आधी वेगळीच शंका आली.

"काका, गाडी झकास आहे हो. पण सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की मांड्या भाजतात. खाली कोणी शेगडी पेटवून ठेवल्यासारखं वाटतं."

मला आनंद झाला. पुतण्याच्या मांड्या भाजल्याचा आनंद व्हावा इतका मी दुष्ट नाही. पण मोटारसायकलच्या उष्णतेचा इतिहास सांगायला मी पन्नास वर्षं श्रोता शोधतोय, आणि न भाजलेला माणूस तो ऐकून घेत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "सांगा, इतिहास सांगा. पण माझ्या पोटरीपर्यंत या हो एकदाचे!"

पोटरीपाशी आमचा इतिहास नेहमी थांबतो. म्हणून मी जरा लांबून, म्हणजे १८८५ पासून सुरुवात केली.

त्या साली जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म माइबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं इंजिन बसवून जगातली पहिली मोटारसायकल केली. अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन आणि तासाला जेमतेम बारा किलोमीटर वेग. आमचा दूधवाला सायकलवरून याहून लवकर येतो. ठिणगीच्या प्लगची भानगड नव्हती. एक नळी ज्योतीवर लालबुंद तापवायची आणि तिच्या उष्णतेने आतलं पेट्रोल पेटवायचं, अशी व्यवस्था. ही तापलेली नळी नेमकी कुठे असावी? तर बसणाऱ्याच्या बुडाखाली! डाइम्लरचे चिरंजीव पाउल ही गाडी घेऊन कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला निघाले आणि वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असं सांगतात. म्हणजे मोटारसायकल जन्मली आणि पहिल्याच फेरीत तिने बसणाऱ्याला उठवलं. डाइम्लर पुढे चारचाकीकडे वळले. मुलाचं बूड भाजल्यावर बापाने धंदा बदलावा, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

"म्हणजे माझी तक्रार गाडीइतकीच जुनी आहे तर," पुतण्या म्हणाला.

पोरगा हुशार आहे. आमच्याच घराण्यातला.

आता ही उष्णता येते कुठून, ते बघा. आपण शंभर रुपयांचं पेट्रोल भरतो तेव्हा त्यातले पंचवीस-तीस रुपयेच चाक फिरवण्याच्या कामी येतात. बाकीची उष्णता होते. थोडी सायलेन्सरवाटे धुराबरोबर जाते आणि थोडी इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. मोटारीत इंजिन पुढे झाकणाखाली आणि आपण मागे गादीवर. मोटारसायकलवर मात्र आपण चुलीला मांडी घालूनच बसतो. तेव्हा उष्णता होणारच. ती कोणाच्या अंगावर काढायची, एवढाच प्रश्न. आणि मोटारसायकलच्या थंडाईचा सगळा इतिहास हा 'माझ्या अंगावर नको' या तीन शब्दांचा इतिहास आहे.

पहिला सोपा उपाय म्हणजे वारा. सिलिंडरला पापडासारख्या पातळ पातळ कडा काढायच्या. पृष्ठभाग वाढतो, वारा लागतो, इंजिन निवतं. मात्र वारा लागायला गाडी पळती हवी. ती सिग्नलला थांबली किंवा घाटात पहिल्या गिअरमध्ये रखडली की वारा बंद आणि शेगडी चालू. त्यात दोन सिलिंडर एकामागे एक असले तर पुढचा सगळा वारा खातो आणि मागच्याच्या वाट्याला पुढच्याची धग येते. एस.टी.त खिडकीशी थोरला भाऊ बसला की धाकट्याचं जे होतं, तेच. अमेरिकन गाड्यांच्या इंग्रजी व्ही आकाराच्या इंजिनात तर हा मागचा सिलिंडर बसणाऱ्याच्या मांडीशीच येतो. अलीकडे त्यांनी अशी युक्ती काढली की गाडी उभी असताना इंजिन फार तापलं तर मागच्या सिलिंडरचं पेट्रोल आपोआप बंद व्हावं. म्हणजे सिग्नलला सिलिंडरची एकादशी.

जर्मनीतल्या मॅक्स फ्रित्स नावाच्या इंजिनिअरने हे भांडण १९२३ सालीच मिटवलं होतं. बीएमडब्ल्यूच्या आर ३२ या गाडीत त्याने दोन्ही सिलिंडर आडवे, एक उजवीकडे आणि एक डावीकडे काढले. दोघांनाही स्वतंत्र खिडकी! वर थंड मुलखातल्या लोकांच्या पायांना हिवाळ्यात आयती ऊब. एकाची होरपळ ती दुसऱ्याची शेकोटी, हे मला त्या गाडीने शिकवलं.

दुसरा उपाय पाण्याचा. तोही जुनाच. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ साली विकायला काढलेल्या गाडीत थंडाईचं पाणी मागच्या चाकावरच्या मडगार्डात भरलेलं असे. गडी पुढे आणि पाण्याची कावड मागे. इंग्लंडात आल्फ्रेड स्कॉट याने १९०८ पासून पाण्याच्या गाड्या काढल्या. त्यात पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, पुढच्या जाळीत निवायचं आणि थंड होऊन खाली यायचं. आमच्या आजीचा तांब्याचा बंब ज्याने पेटवलाय, त्याला हे समजावून सांगायला नको. तरी पुढची साठेक वर्षं बहुतेक कंपन्या वाऱ्यावरच राहिल्या, कारण वारा फुकट मिळतो. मग १९७१ साली जपानच्या सुझुकीने जीटी ७५० ही पाण्याची गाडी काढली. अमेरिकन लोकांनी तिला नाव दिलं 'वॉटर बफेलो'. गाडी तापली की पाण्यात बसणारी म्हैस! इंग्रजांनी तिलाच 'केटल' म्हटलं. ज्याला त्याला आपलं घरचंच आठवतं.

"पण काका, माझ्या गाडीला पाणी आहे, रेडिएटर आहे, पंखा आहे. तरी भाजतंच की."

भाजणारच. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त उचलून दुसरीकडे नेतं. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ती गरम हवा कुठेतरी जायलाच हवी, आणि वाटेत तुझ्या पोटऱ्या. मोठ्या टूरिंग गाड्यांत आता ही हवा बाजूला वळवायला पंख, पत्रे, पडदे लावतात. शिवाय आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे नियम आले. धुरातलं विष मारायला सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो. त्याला काम करायला शेकडो अंश उष्णता लागते. तोही तिथेच, तुझ्या पायाशी.

"मग तो काढूनच टाकतो," पुतण्या म्हणाला.

त्याच क्षणी ही हातात चहाचे कप घेऊन बाहेर आली, आणि आता पोटरी टाळता येणार नाही हे मी ओळखलं.

१९७३ च्या अखेरीला तेलाच्या किमती जगभर भडकल्या. आमच्या घरात त्याचा भडका जरा जास्तच उडाला, कारण लग्नाला वर्ष होत होतं आणि मोटारसायकलचे हप्ते चालू होते. मी मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, "उस्ताद, अ‍ॅव्हरेज वाढवून द्या." त्याने कार्ब्युरेटरचं पेट्रोल आवळलं. लिटरमागे चार किलोमीटर वाढले. मी जग जिंकलं! मात्र पैसे घेताना तो म्हणाला होता, "साहेब, गाडी गरम होईल हं." जादा पेट्रोल आत वाफ होताना उष्णता शोषून घेतं. ते तोडलं की इंजिन तापतं आणि सायलेन्सरचा पाइपही. हे शास्त्र मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "होऊ दे."

त्याने सायलेन्सरवर एक जाळीचा पत्राही सुचवला होता. आठ रुपये. मी नको म्हटलं.

मे १९७४. पुणे ते महाबळेश्वर. खंबाटकी कशीबशी चढलो. वाई सोडून पसरणीच्या घाटाला लागलो तेव्हा बाराचं ऊन, दोन माणसं, एक बॅग, एक थर्मास आणि पुढे एक ट्रक. पहिला गिअर सुटेना. माझे गुडघे भाजत होते, पण लिटरमागे चार किलोमीटरच्या आनंदात मी ते सोसत होतो. अर्ध्या घाटात गाडी थांबवली. ही डाव्या बाजूने उतरली आणि उजवीकडे अडकवलेला थर्मास काढायला वळसा घालून आली. अंगावर नायलॉनची नवी साडी. ती नुसती पाइपाला लागली आणि लागली तिथेच वितळून चिकटली. पाइपाला चिकटली, आणि हिच्या पोटरीलाही. तो वास मला अजून येतो. ही ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी थर्मास उघडला. त्यात चहा होता. पाणी आणायचं मी 'वजन वाढतं' म्हणून टाळलं होतं.

पाचगणीत एका हॉटेलवाल्याने चटक्यावर शाई लावली, त्या काळी लावत तशी. तेव्हा थंड पाण्याखाली धरायला हवं होतं, हे आज शेंबडं पोरही सांगेल. परतीच्या प्रवासात मी मोटारसायकलवर आणि ही एस.टी.त. त्यानंतर ही कधीही माझ्या मागे बसली नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात होंडाने कोलोनच्या प्रदर्शनात पाण्याने थंड होणारी, चार सिलिंडरची, लांब पल्ल्याची 'गोल्ड विंग' मांडली. पुढे कधीतरी ही बातमी मी वाचली आणि मासिक मिटून ठेवलं. जगाने उत्तर काढलं होतं. माझ्या घरचा प्रश्न आठ रुपयांचा होता.

"तेव्हा तो कन्व्हर्टर काढू नकोस," मी पुतण्याला म्हणालो. "आपली मांडी वाचवायची आणि धग दुसऱ्याच्या अंगावर काढायची, हा धंदा मी करून बघितलाय. तू फक्त मांडी भाजून घेतोयस, तो धूर मागच्या रिक्षातलं पोर खाईल. त्यापेक्षा जाड पँट घाल. लांब सिग्नल असेल तर इंजिन बंद कर. पाइपावर उष्णता अडवणारा पत्रा बसवून घे. आणि अ‍ॅव्हरेज मोजू नकोस."

पुतण्या गप्प झाला. हिने चहा संपवला, पदर खोचला आणि म्हणाली, "चल रे, मला एक चक्कर मार. कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत."

मी थक्क होऊन बघत राहिलो. पन्नास वर्षांनी!

फाटकाशी जाऊन ती गाडीभोवती एकदा फिरली. मग पुतण्याला म्हणाली, "आधी कुठल्या बाजूला गरम आहे ते दाखव."

त्याने दाखवलं. ती दुसऱ्या बाजूने बसली. जाता जाता वळून मला म्हणाली, "अहो, येईपर्यंत थर्मास भरून ठेवा. पाण्याचा."