तांकी दाइगाकु
तांकी दाइगाकु : बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर दोन किंवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम देणारी जपानमधील उच्च शिक्षणसंस्था.

दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय शिक्षण कायद्याने (1947) जुन्या उच्च संस्थांचे चार वर्षांच्या विद्यापीठांत रूपांतर सुरू झाले. विद्यापीठाचे निकष न गाठलेल्या संस्थांसाठी 1950 मध्ये हा वर्ग तात्पुरता म्हणून निर्माण झाला. 1964 मध्ये त्याला कायमस्वरूप मिळाले. बहुतेक संस्था खासगी असून विद्यार्थ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. गृहविज्ञान, साहित्य, बालशिक्षण व परिचर्या हे प्रमुख विषय. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 62 श्रेयांक लागतात. 2005 पासून ‘तांकी दाइगाकुशी’ ही पदवी मिळते. त्यानंतर विद्यापीठाच्या वरच्या वर्गात प्रवेश घेता येतो.

व्यावसायिक शिक्षणाच्या आणखी दोन शाखा आहेत. कोसेन (1962) या तंत्रसंस्थांत पंधराव्या वर्षी प्रवेश मिळून सलग पाच वर्षे अभियांत्रिकी शिकवली जाते. उद्योगांना हवे असलेले मध्यम स्तरावरील तंत्रज्ञ घडवणे हा त्यांचा मूळ हेतू. प्रयोगशाळेतील कामावर त्यांचा विशेष भर असून जपानी तंत्रशिक्षणातील हा सर्वांत स्वतंत्र घाट होय (पहा : तंत्रशिक्षण). सेनमोन गाक्को हा 1976 मध्ये सुरू झालेल्या सेन्शू गाक्को व्यवस्थेचा माध्यमिकोत्तर भाग असून तेथे परिचर्या, पाककला, केशरचना, संगणक, ॲनिमेशन असे थेट रोजगाराचे विषय असतात.

स्त्रियांचा कल चार वर्षांच्या विद्यापीठांकडे वळल्याने व जन्मदर घटल्याने (पहा : जपान—लोकसंख्या) तांकी दाइगाकुंची संख्या 1990 च्या दशकातील सुमारे 600 वरून निम्म्याच्या आसपास आली. व्यावसायिक विद्यापीठांचा नवा वर्ग 2019 पासून अस्तित्वात आला आहे.