डिस्नेलँडचं 'टुमॉरोलँड' जुनं का दिसतं? चाहत्यांचा वाद नेमका काय?

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 'टुमॉरोलँड' १७ जुलै १९५५ ला सुरू झालं. दाखवायचं होतं १९८६ चं जग. ते साल कधीच मागे पडलं. आता या भागाचं करायचं काय, यावर चाहत्यांचं एकमत होत नाही.

काहींना नवं तंत्रज्ञान हवंय. पण ते फार दिवस नवं राहत नाही. १९५७ मध्ये इथल्या 'हाउस ऑफ द फ्युचर'मध्ये मायक्रोवेव्ह म्हणजे नवलाई होती. आज तो घोटीच्या दुकानातही मिळतो. दुसऱ्यांचं म्हणणं, कल्पनेतलं भविष्य दाखवा, ते शिळं होत नाही. पॅरिसमध्ये १९९२ ला ज्युल्स व्हर्नच्या कथांवरून असा भाग उभा राहिला.

कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये तोच कित्ता गिरवला आणि फसला. संथ 'पीपलमूव्हर'च्या मार्गावर सुसाट 'रॉकेट रॉड्स' आणल्या. वळणं त्या वेगासाठी बांधलेलीच नव्हती. गाड्या सारख्या बंद पडायच्या. २००० मध्ये कायमच्या थांबल्या.

'ऑटोपिया'च्या गाड्या तर १९५५ पासून पेट्रोलवर. भविष्यात धूर! त्या विजेवर आणायचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

'पीपलमूव्हर'चा रिकामा मार्ग मात्र अजून डोक्यावर उभा आहे. पाडा, असं काही म्हणतात. बाकीचे फ्लोरिडाकडे बोट दाखवतात : तिथे १९७५ चा 'पीपलमूव्हर' आजही धावतोय.